तक्रार बंद झाली, उत्तर मिळालं नाही: एका विमान कंपनीला खुलं पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी
आणि मा. प्रमुख, प्रवासी सेवा विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी तक्रार आपण 12 मार्चला बंद केलीत. तसा ई-मेल मला सकाळी कामावर जाताना मिळाला. त्यात लिहिलं होतं की, आपल्या सामानाला झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत आणि आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. माझ्या सामानाला विलंब झालाच नव्हता. मी लिहिलं होतं माझ्या आईबद्दल. दोन पानांचा मजकूर होता, तारीख, वेळ, गेटचे क्रमांक सगळं दिलेलं होतं. तो कोणी वाचलाच नाही हे त्या उत्तरावरून कळलं, आणि म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

कंपनीचं नाव मी इथे घेतलेलं नाही. या पत्राची सही केलेली प्रत आपल्याला टपालाने वेगळी पाठवली आहे, तिच्यात नाव आहे, तिकिटाचा क्रमांक आहे. मला कोणाची बदनामी करायची नाही, मला उत्तर हवं आहे. आणि हे वाचणाऱ्या कितीतरी जणांना आपापले अनुभव आठवतील, याचीही मला खात्री आहे.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात माझी तीस वर्षं गेली. कामासाठी महिन्यातून दोनदा मुंबई, अधूनमधून हैदराबाद, दिल्ली. 2009 पासून शक्य असेल तिथे मी आपल्याच विमानाने गेलो. स्वस्त कंपनीचं तिकीट कधी हजाराने, कधी दीड हजाराने कमी असायचं. आमच्या लेखा विभागाने त्याबद्दल मला दोनदा लेखी विचारलं, आणि दोन्ही वेळा मी आपली बाजू घेतली. घरच्या प्रवासाला तर विचारायला कोणी नव्हतंच. मुलीच्या लग्नाला पुण्यामुंबईचे पाहुणे आले, त्यांची तिकिटंही मी आपलीच काढली.

याला कारण होतं, आणि ते आपल्याला ठाऊक असायला हवं.

जानेवारी 2011. मी हैदराबादला ऑडिटसाठी गेलो होतो. पहाटे घरून फोन आला, बाबा गेले. हैदराबाद ते मुंबई आणि तिथून इंदूर असं आपलं तिकीट मिळालं, पण पहिलं विमान उशिरा निघालं. हवाई सुंदरीला मी फक्त एवढंच विचारलं की पुढचं विमान मिळेल का, आणि का जायचंय ते सांगितलं. मुंबईला दार उघडलं तेव्हा एरोब्रिजच्या, म्हणजे विमानाला जोडलेल्या बंद पुलाच्या तोंडाशी आपला एक कर्मचारी माझं आडनाव लिहिलेला कागद धरून उभा होता. त्याने माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "चला साहेब, विमान थांबवलंय." आम्ही दोघं जवळजवळ धावतच गेलो. आत मला पुढची, दाराजवळची जागा दिली होती, म्हणजे इंदूरला आधी उतरता यावं. कोणी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने शेजारी चहाचा कप आला. घरी पोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते. बाबांचं दर्शन मला झालं.

त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. आपल्याला आभाराचं पत्र पाठवलं, त्याला इंदूरच्या तेव्हाच्या स्टेशन मॅनेजरनी हाताने लिहिलेलं उत्तर आलं, ते मी जपून ठेवलंय. नेहमीच्या प्रवाशांना आपण देता त्या कार्डावर माझ्या नावापुढे 'गोल्ड' लिहून आलं ते त्यानंतर तीन वर्षांनी. मी आपला गिऱ्हाईक त्या एरोब्रिजच्या तोंडाशी झालो होतो.

आता गेल्या फेब्रुवारीचं सांगतो.

आई 81 वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांसाठी दर चार महिन्यांनी तिला मुंबईला न्यावं लागतं. परतीचं विमान संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटांचं होतं. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती. दोन दिवस आधी फोन करून पुन्हा खात्री केली. गुडघा दुमडून फार वेळ बसता येत नाही म्हणून जादा पैसे भरून पहिल्या रांगेतल्या दोन जागा घेतल्या होत्या.

पावणेपाचला सामान देताना मी काउंटरवर विचारलं, विमान वेळेवर आहे ना? "हो सर, ऑन टाइम." मी विचारलं त्याला कारण होतं. पार्ल्याला माझी मामेबहीण राहते, विमानतळापासून पंधरा मिनिटांवर. उशीर असेल तर आईला तिच्याकडे आडवं होता आलं असतं, गोळ्या-जेवण वेळेवर झालं असतं. वेळेवर आहे म्हटल्यावर आम्ही आत गेलो.

सहा वाजता पाटीवर 'वेळेवर' असंच होतं. माझ्या फोनवर मात्र दिसत होतं की आम्हाला घेऊन जाणारं विमान अजून जयपूरला जमिनीवरच उभं आहे. जयपूरहून मुंबईला यायलाच दीड तासाच्या वर लागतो. मी गेटवरच्या मुलीला फोन दाखवला. ती म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये अजून ऑन टाइमच दिसतंय." बावीस-तेवीस वर्षांची असेल. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरं सांगितलेलंच नव्हतं. मग आधी चाळीस मिनिटं, नंतर आणखी अर्धा तास, नंतर एक तास, असा हप्त्याहप्त्याने उशीर जाहीर होत गेला. एकूण चार तास दहा मिनिटं.

मी यंत्रांच्या सान्निध्यात आयुष्य काढलंय, अडचणी मला समजतात. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं, सकाळी कुठेतरी तास गेला तर तो रात्रीपर्यंत पुढे सरकत जातो, आणि संध्याकाळच्या इंदूरसारख्या फेरीवर तो सगळा साचतो. इंजिनांचे सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, नवी विमानं कारखान्यांतूनच उशिरा येतात, हे जगभर चाललंय. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती नियमाने 36 तासांवरून 48 तास झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, दमलेल्या वैमानिकाच्या विमानात मला बसायचं नाही. हे सगळं मान्य. पण विमान कुठे आहे आणि कधी येणार हे आपल्या नियंत्रण कक्षाला मिनिटामिनिटाला कळतं. पावणेपाचला ते तिथे माहीत होतं. आपण ते आम्हाला सांगितलं नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. उशीर मी अनेकदा सोसलाय. त्या दिवशी आपण माझ्या आईचे चार तास आम्हाला न विचारता खर्च केले.

रात्री पावणेदहाला गेट बदललं. वरच्या मजल्यावरचं गेट सोडून खालच्या बसच्या गेटवर जायचं. व्हीलचेअर घेऊन आलेला मुलगा आईला खुर्चीवर बसवून केव्हाच दुसऱ्या प्रवाशाकडे गेला होता. त्याच्याकडे तरी किती जण असणार? मी काउंटरवर तीनदा सांगितलं. "येईल सर, कळवलंय." घोषणा सुरू झाली, शेवटचे प्रवासी, शेवटचे प्रवासी. शेवटी आई म्हणाली, चालू आपण.

ती माझा कोपर धरून चालली. लांब पल्ला, मग लिफ्ट, मग परत लांब पल्ला. तीन ठिकाणी थांबली. तिसऱ्यांदा खांबाला टेकून तिने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तू पुढे हो. त्यांना सांग मी येतेय. विमान सोडू नका म्हणावं."

खाली बस, बसनंतर विमानाच्या पायऱ्या. अ‍ॅम्बुलिफ्ट, म्हणजे पायऱ्या चढू न शकणाऱ्यांना उचलून विमानात नेणारी गाडी, नव्हती. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ती चढली, मागून एका अनोळखी तरुण प्रवाशाने तिला आधार दिला. आत गेलो तर विमान बदललेलं, आमच्या पैसे भरलेल्या जागा गेलेल्या, 24व्या रांगेत बसा म्हणाले. इंदूरला उतरल्यावर व्हीलचेअर आली, आणि ती आणणारा माणूस रात्री साडेबाराला आईशी इतकं गोड बोलला की त्याचा उल्लेख न करणं अन्यायाचं होईल.

फेब्रुवारी 2024 मध्ये याच मुंबई विमानतळावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ व्हीलचेअर कमी पडली म्हणून चालत निघाले आणि कोसळून वारले. नियामकाने त्या प्रकरणात विमान कंपनीला 30 लाखांचा दंड केला. त्या रात्री खांबाशी उभ्या असलेल्या आईकडे बघताना माझ्या मनात तीच बातमी होती. व्हीलचेअर ही मेहेरबानी नाही, विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार ती आपली जबाबदारी आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

खाणं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं, असा नियम आहे. आम्हाला तीन तासांनी गोड बिस्किटांचा पुडा आणि फळांच्या रसाचा डबा मिळाला. आईला मधुमेह आहे. डब्यात घरून नेलेले दोन ठेपले होते म्हणून निभावलं.

जागा. पहिल्या रांगेसाठी घेतलेले पैसे परत मिळायला तीन ई-मेल लिहावे लागले. आपण दिलेली गोष्ट आपणच काढून घेतली, तर पैसे न मागता परत यायला हवेत.

विमानाची आतली अवस्था. ट्रेला चिकटपट्टी, खिशाचं जाळं फाटलेलं, डोक्यावरचा दिवा लागत नाही. हे एकदा नाही, गेल्या दोन वर्षांत वारंवार पाहिलं. माझ्या धंद्यात म्हणतात की ऑडिटरने आधी स्वच्छतागृह पाहावं, मग प्रयोगशाळा. जे डोळ्यांना दिसतं तेच नीट ठेवलेलं नसेल, तर न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल माणसाच्या मनात शंका येते. ती शंका खरी असेल असं मी म्हणत नाही. पण ती आमच्या मनात येऊ नये हे आपलं काम आहे.

पॉइंट, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना मिळणारे आणि पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे गुण. पूर्वी ते अंतरावर मिळायचे, मग खर्चावर मिळू लागले. पूर्वी कुठल्या प्रवासाला किती पॉइंट लागतील याचा ठरलेला तक्ता होता, आता तिकिटाच्या भावाबरोबर तेही रोज बदलतात. वर्षानुवर्षं साठवलेल्या पॉइंटांची किंमत आपण एका ई-मेलने कमी करता आणि त्याला सुधारणा म्हणता. बँकेने माझ्या मुदत ठेवीचं असं केलं असतं तर ते कोणी चालवून घेतलं नसतं. तरीही मी कंपनी सोडण्याचा विचार पॉइंटांमुळे केला नाही, हे मला स्पष्ट लिहायचंय. कारण आपल्या प्रवासी सेवा विभागाने माझ्या पहिल्या ई-मेलनंतर मला दोन हजार पॉइंट देऊ केले होते. मी आईबद्दल लिहिलं आणि आपण मला पॉइंट दिले.

आता त्या बंद केलेल्या तक्रारीकडे येतो, कारण या विषयात मला थोडंफार कळतं.

आमच्या कारखान्यात एखाद्या गावच्या औषध दुकानदाराने कळवलं की पट्टीतली एक गोळी फुटलेली निघाली, तर त्या तक्रारीला क्रमांक पडतो. त्या बॅचची, म्हणजे ती गोळी ज्या एका खेपेत बनली तिची, सगळी कागदपत्रं बाहेर निघतात. प्रत्येक बॅचचे नमुने आम्ही मुदत संपल्यानंतरही वर्षभर राखून ठेवतो, ते काढून पुन्हा तपासतो. त्या पाळीला यंत्रावर कोण होतं, हवेत दमटपणा किती होता, पॅकिंगला काय झालं, हे शोधतो. कारण सापडलं की ते दुरुस्त करायचं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं ते लिहायचं. त्यानंतर दुकानदाराला उत्तर जातं आणि शेवटी तक्रार बंद करण्याची सही होते. ती सही माझी असते. कारण न शोधता मी ती केली तर पुढच्या तपासणीत कारखान्याच्या परवान्यावर गदा येऊ शकते. हे एका गोळीसाठी.

आपल्याकडे माझ्या तक्रारीला क्रमांक पडला आणि लगेच ती बंद झाली. मधलं काहीच झालं नाही. व्हीलचेअरवाला मुलगा त्या पाळीला किती प्रवाशांमागे एक होता? गेट बदललं तेव्हा मदत लागणाऱ्यांची यादी कोणाच्या हातात होती? काउंटरवर जुनी वेळ का दिसत होती? हे प्रश्न कोणी विचारलेच नसतील तर आज संध्याकाळीही त्याच गेटवर कोणाची तरी आई चालत असेल.

आम्हा इंदूरकरांना तक्रारीची सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे. आमच्या गल्लीत कचरा पडून राहिला तर आम्ही 'इंदूर 311' अ‍ॅपवर फोटो टाकतो. माणूस येतो, उचलतो, झाल्याचा फोटो परत टाकतो. हे शहर 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढे सलग येत राहिलं. त्यात सफाई कामगारांच्या कष्टांइतकाच या उत्तर देण्याचा वाटा आहे, असं मला इथला रहिवासी म्हणून वाटतं. महानगरपालिकेला जे जमतं ते आपल्याला जमावं ही अपेक्षा जास्त नाही.

माझ्या मागण्या अशा:

एक. येणाऱ्या विमानाला उशीर आहे हे नियंत्रण कक्षाला कळताच पूर्ण अंदाजे उशीर आणि त्याचं कारण प्रवाशांना मेसेजने कळवावं. हप्त्याने नको. अंदाज चुकला तर आम्ही समजून घेऊ.

दोन. व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाची जबाबदारी काउंटरपासून विमानातल्या जागेपर्यंत एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर असावी. गेट बदललं की सर्वांत आधी या प्रवाशांना हलवावं, आणि ते आत बसल्याशिवाय 'शेवटचे प्रवासी' ही घोषणा करू नये.

तीन. इंदूरसकट प्रत्येक विमानतळावर आपला एक अधिकारी असा असावा की ज्याला जागेवर निर्णय घेता येईल. 2011 साली विमान सात-आठ मिनिटं थांबवण्याचा निर्णय कोणीतरी तिथल्या तिथे घेतला होता. आज काउंटरवर चाळीस संतापलेल्या माणसांसमोर एकटी उभी असलेली मुलगी काहीच ठरवू शकत नाही. तिला तसं उभं करणं हा तिच्यावरही अन्याय आहे.

चार. प्रवाशाने विचारलेल्या मुद्द्यांना उत्तर दिल्याशिवाय तक्रार बंद करू नये. तक्रारी पाहणारा नोडल अधिकारी आणि त्याच्यावरचा अपील अधिकारी नेमणं नियमाने बंधनकारक आहेच, त्यांची नावं आणि पत्ते तिकिटावर छापावेत.

पाच. पॉइंटांचे नियम बदलायचे तर सहा महिने आधी कळवावं, आणि आधी कमावलेले पॉइंट जुन्या भावाने वापरू द्यावेत.

सहा. माझी तक्रार पुन्हा उघडावी आणि वरच्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं द्यावीत. नुकसानभरपाई मी मागितलेली नाही, पॉइंट मला नकोत. देऊ केलेले दोन हजार मी घेतलेले नाहीत.

विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर आणि ग्राहक आयोगात जाण्याचे रस्ते मला माहीत आहेत. ते मी अजून धरलेले नाहीत, कारण पंधरा वर्षांच्या संबंधात आधी समोरासमोर बोलावं असं मला वाटतं. आपल्या कंपनीत आजही चांगली माणसं आहेत, त्या रात्री इंदूरला मला त्यांच्यातलं एक भेटलं.

आईची पुढची तपासणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ती म्हणते, आपण अवंतिकाने, मुंबईच्या रात्रीच्या रेल्वेगाडीने जाऊ, रात्रभर आडवं तरी होता येतं. अवंतिकाचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर मी विमानाचं किंवा गाडीचं, कुठलंच तिकीट काढणार नाही. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
2009 पासूनचा एक प्रवासी
राजेंद्रनगर, इंदूर